माजघरांतील यंत्रें : अण्णांच्या तबकड्या

या सदरांत आजवर आम्ही शिवणयंत्र, भिंतीवरील घड्याळ, विहिरीवरचा पंप अशा यंत्रांविषयीं लिहीत आलों. यंत्र जुनें झालें म्हणून तें भंगारांत देण्यापूर्वीं त्याचें पोट एकदां उघडून पाहावें, हा आमचा हट्ट वाचकांना आतां परिचित झाला आहे. या खेपेस ज्या यंत्राची हकीकत सांगावयाची, तें मात्र कित्येक घरांत कधीं आलेंच नसेल. आणि आलें असलें तरी माळ्यावर कोठेंतरी धूळ खात पडलें असेल. तें म्हणजे चाळीस वर्षांपूर्वींच्या बनावटीचा संगणक. त्यांतील फ्लॉपी तबकड्यांचा कारभार पाहणारी चिप निकामी झाली, आणि तिच्या जागीं दुसऱ्या जातीची चिप बसवितांना आमची जी त्रेधातिरपीट उडाली ती येथें सविस्तर देत आहों. सविस्तर देण्याचें कारण एवढेंच कीं, आम्ही जेथें जेथें चुकलों, तेथें तेथेंच दुसराहि चुकण्याचा संभव आहे.

आमचें घर वळसंगचें. सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या सडकेवरचें हें गांव. येथें बाजारांत मराठीच्या बरोबरीनें कानडी कानांवर पडते, आणि घरांतल्या बायकांच्या बोलण्यांतहि दोहोंची सरमिसळ असते. आमचे थोरले बंधु कै. अण्णा हे पेशानें शाळामास्तर. १९९५ सालीं एका शाळेनें निकालांत काढलेल्या सामानाच्या लिलावांत त्यांनीं हा संगणक, त्याचा ड्राइव्ह आणि एक बुटका पडदा असा सगळा संसार घरीं आणला. घरांत थोडी कुरकूर झाली. परंतु अण्णांच्या मनांत निराळेंच होतें. आमच्या मातोश्रींना जात्यावरच्या शेंकडों ओव्या येत. रात्रीं जेवणखाण आटोपलें कीं त्या ओव्या सांगत आणि अण्णा त्या यंत्रांत टिपून घेत. यंत्रांत मराठी अक्षरें नव्हतीं, म्हणून इंग्रजी लिपींत. वहींत कां नाहीं लिहीत, असें विचारलें तर म्हणत, “वह्यांना वाळवी लागते. याला लागत नाहीं.” तें खरेंच होतें, पण वाळवीखेरीजहि वस्तु नासण्याचे मार्ग असतात, हें त्या वेळीं कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. २००१ सालीं मातोश्री गेल्या, कांहीं वर्षांनीं अण्णाहि गेले, आणि चवदा तबकड्या एका पत्र्याच्या डब्यांत, वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या, तशाच राहिल्या. छपाईयंत्र अण्णांनीं कधीं घेतलेंच नव्हतें. म्हणजे कागदावर यांतली एकहि ओवी नव्हती.

या संगणकाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथील अ‍ॅकॉर्न कंपनीनें बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेच्या शिक्षणकार्यासाठीं तो तयार केला व १९८१ च्या डिसेंबरांत बाजारांत आणला. म्हणून त्याचें नांव बी. बी. सी. मायक्रो. आपल्याकडे तो आला सरकारी मार्गानें. शाळांतील मुलांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून १९८४ सालीं भारत सरकारनें ‘क्लास’ या नांवाची योजना सुरू केली, आणि तींत आरंभीं अडीचशेंच्या आसपास शाळांना हेंच यंत्र दिलें. पुढें मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यांत ‘युनिकॉर्न’ या नांवानें तें देशांतच तयार करण्याचा बेतहि झाला. परंतु १९८९ च्या फेब्रुवारींत त्या कारखान्यास मोठी आग लागून त्याची अपरिमित हानि झाली. या यंत्राची स्मृति केवळ ३२ किलोबाइट. आज खिशांतला फोन काढून जें एक छायाचित्र घेतों तेंहि तींत मावणार नाहीं. आणि गंमत अशी कीं, बहुतेक खिशांतल्या फोनांत धडधडणारें ‘आर्म’ जातीचें काळीज हें त्याच केंब्रिजच्या कंपनीचें, १९८५ सालचें अपत्य आहे.

गेल्या वैशाखांत अण्णांचे चिरंजीव पुण्याहून सुटीस आले. ते पेशानें इंजिनियर. वहिनींनीं तो पत्र्याचा डबा त्यांच्यापुढें ठेवला आणि म्हणाल्या, “यांतलें कांहीं वाचतां येतें का बघ. सासूबाईंच्या ओव्या आतां मला एकटीलाच येतात, त्याहि सगळ्या नाहीं.”

पहिली गोष्ट जी चिरंजीवांनीं केली नाहीं, ती फार महत्त्वाची. त्यांनीं यंत्र एकदम विजेला जोडलें नाहीं. या संगणकाच्या वीजपेटींत विजेच्या तारांतील खरखर गाळण्यासाठीं कागदी पुडाचे दोन धारक बसविलेले असतात. वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें त्यांच्या कवचाला चिरा पडतात, आंत दमट हवा शिरते, आणि वीज लावल्यावर पांचदहा मिनिटांत फट्‌कन आवाज होऊन खोलीभर उग्र धूर होतो. यंत्र जळत नाहीं बहुधा, पण घरांतल्या माणसांचा धीर जळतो. सोलापुरांतील एका जाणत्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडून ते दोन्ही धारक आधीं बदलून घेतले. वीजपेटी उघडण्याचें काम ज्याला येतें त्यानेंच करावें. तारा काढून ठेवल्यावरहि तींत कांहीं काळ धक्का देण्याजोगी वीज सांठलेली असते.

नंतर यंत्र सुरू केलें. एक जाड आणि एक बारीक असे दोन सूर निघाले, पडद्यावर अक्षरें उमटलीं, आणि वहिनींनीं डोळ्यांना पदर लावला. तो सूर त्यांनीं रोज रात्रीं ऐकलेला. पण तबकडीची यादी मागितली तर ड्राइव्ह हललाच नाहीं. तो ड्राइव्ह दुसऱ्या एका यंत्रावर लावून पाहिला. तेथें तो चालला. तारेची पट्टी बदलून पाहिली, व्यर्थ. राहतां राहिली ती नियंत्रक चिप.

ही चिप काय करते हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तबकडीवर लेखन असतें तें गोल गोल वर्तुळांच्या रेघांत. यांना ट्रॅक म्हणतात. अण्णांच्या तबकडीवर असे ४० ट्रॅक, प्रत्येकांत १० खण, प्रत्येक खणांत २५६ अक्षरें. म्हणजे एका बाजूस एक लक्ष दोन हजार चारशें अक्षरें. वाचणारें शीर्ष कोणत्या ट्रॅकवर न्यावयाचें, कोणता खण समोर येईतों थांबावयाचें, वाचलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें कसें ताडून पाहावयाचें, हा सर्व कारकुनी कारभार संगणक स्वतः करीत नाहीं. तो या चिपकडे असतो. आमच्या यंत्रांत मूळची चिप इंटेल कंपनीची ८२७१ क्रमांकाची, ४० पायांची होती. ती त्या काळींच महाग व दुर्मिळ होती. म्हणून अ‍ॅकॉर्ननेंच १९८५ च्या ‘बी प्लस’ या यंत्रापासून ती सोडून वेस्टर्न डिजिटल कंपनीची १७७० ही २८ पायांची चिप घेतली. आज ८२७१ शोधूं जातां ती मिळतें मिळत नाहीं. मिळाली तरी जुनीच, आणि तिची शाश्वती कोणीं द्यावी? म्हणून जुने शौकीन एक लहानशी पट्टी वापरतात: खालीं ४० पाय, वर १७७० ची बैठक. ती पट्टी जुन्या चिपच्या जागीं बसवावयाची. बदलाचा आणखी एक लाभ असा कीं, ८२७१ ला विरळ लेखनच येई. १७७० ला दाट लेखनहि येतें, आणि ८० ट्रॅकांच्या तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून ६४० किलोबाइट मावतात. आम्हांला अर्थातच त्या लाभाचें प्रयोजन नव्हतें. विरळ लेखन १७७० वाचूं शकते, एवढेंच आम्हांस हवें होतें.

चिरंजीवांनीं परदेशांतील एका शौकिनाकडून वापरलेली पट्टी मागविली. ती ज्येष्ठांत आली. येथून पुढें तीन बिघाड एकामागून एक आले, आणि प्रत्येक वेळीं आम्हांला वाटलें कीं, दोष तबकड्यांचाच.

पहिला बिघाड. पट्टी बसविली, यंत्र सुरू झालें, पण ड्राइव्ह पूर्ववत् मुका. चिरंजीवांच्या चटकन ध्यानांत आलें कीं, रोम बदलावयाचा राहिला. चिप बदलली म्हणजे कारकून बदलला. पण त्याला हुकूम सोडणारें जें टिपण रोम नांवाच्या चिपमध्यें कायमचें लिहून ठेवलेलें असतें, तें जुन्या कारकुनाच्या भाषेंत आहे. ८२७१ साठीं डिस्क-व्यवस्थेची ०.९० सारखी आवृत्ति असते. १७७० साठीं २.२६ सारखी निराळी लागते. ती आणून बसविली, आणि जुनी तेथून काढली. दोन्ही एकत्र ठेवूं नयेत. एका घरांत दोन कारभारी झाले म्हणजे काय होतें तें वाचकांना सांगावयास नको. या रोमच्या पाठीवर कांचेची लहान खिडकी असते, तीवर चिकटविलेला कागद काढूं नये. उन्हांतल्या जंबुपार किरणांनीं आंतलें लेखन हळूहळू पुसलें जातें. आणि सोलापूरचें ऊन कांहीं थोडकें नाहीं.

दुसरा बिघाड. आतां ड्राइव्हवरचा दिवा लागला, तबकडी फिरूं लागली, पण वाचन कांहीं होईना. कधीं यादीचे दोन शब्द उमटत, कधीं कचरा. येथें चिरंजीवांचा धीर सुटला. ते म्हणाले, “काका, तबकड्या गेल्या. यावर आणखी वेळ घालविण्यांत अर्थ नाहीं.” आणि एक तबकडी नव्यानें आंखून, म्हणजे पुसून, यंत्र चालतें का तें पाहूं, असें त्यांनीं सुचविलें. त्यावर वहिनी जें बोलल्या तें या सर्व प्रकरणांतील सर्वांत शहाणपणाचें वाक्य आहे असें आम्हांस वाटतें. “भाऊजी, दळायला बसण्याआधीं जातें नीट बसलें आहे का तें पाहतात, धान्याला दोष नंतर देतात. याला थोडें थांबायला सांगा.”

त्या दिवसापासून आम्हीं नियम केला: अण्णांची तबकडी परीक्षेसाठीं वापरावयाची नाहीं. पुण्याहून कोऱ्या तबकड्या मागविल्या आणि परीक्षा त्यांच्यावर केली. शिवाय अण्णांच्या चवदाहि तबकड्यांच्या कडेला जी चौकोनी खांच असते तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. सव्वापांच इंची तबकडीची ही खांच झांकली म्हणजे ड्राइव्ह तिच्यावर लिहूं शकत नाहीं, केवळ वाचूं शकतो. या कामास दोन मिनिटें लागतात. तीं न दिल्यामुळें कायमचें गमावलेलें लेखन किती असेल, कोण सांगणार?

बिघाड सांपडला तो सूनबाईंना. पोथी वाचण्याचें आजोबांचें भिंग घेऊन त्या पट्टीकडे पाहत बसल्या होत्या. “मामंजी, हा एक पाय आंत दुमडला आहे का?” खरेंच, चाळिसांतला एक पाय बैठकींत न शिरतां चिपच्या पोटाखालीं वळला होता. वरून पाहणाराला तो बसल्यासारखाच दिसे. त्यांत भर म्हणजे जुन्या बैठकीच्या आंतले स्पर्श धुळीनें व गंजानें काळवंडलेले. पाय चिमट्यानें सरळ केला, बैठक स्पर्श साफ करण्याच्या द्रवानें पुसली, आणि पट्टी दोन्ही बाजूंनीं सारखी दाबून बसविली. चिपची खांच कोणत्या बाजूस असावी हें काढण्यापूर्वींच कागदावर काढून ठेवावें. उलटी बसविलेली चिप बहुधा परत येत नाहीं. आणि आमच्या कोरड्या हवेंत आणखी एक सांभाळावें: अंगांत सांठलेली वीज चिपला मारक असते. हात लावण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. रेशमी सोवळें नेसून तर या कामास बसूंच नये. या एका बाबतींत ओवळें बरें.

आतां कोरी तबकडी आंखतां आली. परंतु लिहिलेलें वाचतांना यंत्र मधूनमधून अडखळे, आणि त्याचें खापर आम्हीं तबकडीच्या शिळेपणावर फोडलें. मग अण्णांची पहिली तबकडी, खांच झांकलेली, आंत सरकविली. पडद्यावर यादी आली. एका बाजूस ३१ नांवांहून अधिक मावत नाहींत आणि नांवास सातच अक्षरें मिळतात; अण्णांनीं त्या सात अक्षरांत राम, सीता, माहेर, भाऊराया असे विषय कोंबून बसविले होते. एकतीसहि नांवें दिसलीं. वहिनींनीं हात जोडले. पण एकहि नांव उघडेना. पडद्यावर तबकडीचा दोष, क्रमांक १८. पुनः पुनः तेंच.

हा तिसरा बिघाड. आणि यानें आमचा पंधरवडा घेतला.

दोष १८ म्हणजे ‘खण सांपडला नाहीं’. प्रत्येक खणाच्या आरंभीं त्याचा पत्ता लिहिलेला असतो: अमुक ट्रॅक, अमुक खण. चिपनें शीर्षाला बाराव्या ट्रॅकवर जाण्यास सांगितलें आणि तेथें पोंचल्यावर पत्ता वाचला तर तो सातव्याचा निघाला, म्हणजे ती म्हणते, खण सांपडला नाहीं. तबकडी नासली असती तर दोष निराळा आला असता. अक्षरें ताडून न जुळल्यास १४ च्या जागीं ०ई असा खुणेचा क्रमांक येतो, कारण हे क्रमांक सोळाच्या पाढ्यांतले असतात. मग विचार केला: यादी वाचतां येते, कारण ती पहिल्याच ट्रॅकवर असते, आणि तेथें शीर्ष अडसराला टेकलेलें असतें, चुकण्यास वावच नाहीं. जवळच्या ट्रॅकवरचें कधींमधीं वाचलें जातें, दूरचें कधींच नाहीं. अर्थात् शीर्ष वाटेंत पावलें चुकत होतें.

आवाजानेंहि तेंच सांगितलें. अण्णांच्या वेळीं हा ड्राइव्ह टक् टक् टक् असा चाले. आतां तो नुसता किर्र करी. वहिनींना हा फरक पहिल्याच दिवशीं जाणवला होता, पण “मला त्यांतलें काय कळतें” म्हणून त्या बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर पंधरवडा वांचता.

शेवटीं चिरंजीवांनीं पट्टीवरच्या चिपच्या पाठीवरचा आंकडा भिंगानें वाचला. तो १७७० नव्हता, १७७२ होता. या दोन सख्ख्या बहिणी: पाय तेवढेच, हुकूम तेच, बहुतेक ठिकाणीं एकीच्या जागीं दुसरी चालते. फरक पावलांच्या वेगांत. शीर्ष एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर नेण्यास किती वेळ द्यावयाचा याचे चार पर्याय असतात. १७७० मध्यें ते ६, १२, २० आणि ३० मिलिसेकंद. १७७२ मध्यें पहिले दोन तेच, पण पुढचे दोन २ आणि ३. कीबोर्डाच्या पट्टीवर तारेचे तुकडे जोडण्याच्या आठ जागा असतात. त्यांतल्या दोन हा वेग ठरवितात. अण्णांच्या यंत्रांत त्या रिकाम्या होत्या, म्हणजे सर्वांत सावकाश चाल. रोमनें सांगितलें, अगदीं सावकाश चाल. १७७० नें त्याचा अर्थ ३० घेतला असता. १७७२ नें घेतला ३. म्हाताऱ्या ड्राइव्हला जीव मुठींत घेऊन पळावें लागलें आणि तो मध्येंच ठेंचाळे. पाठविणाऱ्या शौकिनानें सोबतच्या चिठ्ठींत हें स्पष्ट लिहिलेलें होतें. ती चिठ्ठी आम्हीं खोक्याबरोबर ठेवून दिली होती, वाचली नव्हती.

त्या दोन जागीं तारेचे तुकडे जोडून प्रथम ६ मिलिसेकंदांचा वेग दिला, ड्राइव्ह कुरकुरला. १२ चा दिला. टक् टक् टक्. स्वयंपाकघरांतून वहिनी हातांतलें तसेंच टाकून बाहेर आल्या.

ज्यांच्याकडे विकत घेतलेले जुने खेळ किंवा शिक्षणपाठ असतील त्यांना एक सूचना देऊन ठेवतों. अशा कित्येक तबकड्यांवर चोरून प्रत काढतां येऊं नये म्हणून कर्त्यांनीं ८२७१ चिपशीं परस्पर संधान बांधलेलें असतें. त्या १७७० वर चालणार नाहींत. तो बिघाड नव्हे; त्यासाठीं पट्टीची खटपट करूं नये.

एकदां वाचतां येऊं लागल्यावर आम्हीं वेळ दवडला नाहीं. यंत्राच्या पाठीमागें तारेनें मजकूर पाठविण्याची एक जागा असते. तेथून चिरंजीवांच्या आजच्या संगणकांत एकेक तबकडी उतरवून घेतली. दर तबकडीनंतर ड्राइव्हचें शीर्ष मद्यार्कांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसलें, कारण एका तबकडीची बुरशी शीर्षाला चिकटून दुसरीला ओरखडते. चवदांतल्या अकरा पूर्ण उतरल्या. दोन अर्ध्यामुर्ध्या. एकीवर बुरशीचे पांढरे ठिपके इतके आहेत कीं ती आम्हीं आंत घातलीच नाहीं. ती एका जाणत्या माणसाकडे धुण्यास द्यावयाची आहे. तिच्यावर अण्णांच्या हातचें ‘माहेर २’ असें लिहिलें आहे.

आतां रोज दुपारीं वहिनी आणि सूनबाई त्या ओव्या मराठींत उतरवून घेत बसतात. इंग्रजी लिपींत ल आणि ळ, न आणि ण यांना एकच अक्षर असल्यामुळें, आणि मधूनच एखादा कानडी शब्द येत असल्यामुळें, कागदावर पाहून वाचणारा हटकून अडतो. वहिनी पाहत नाहींत. सूनबाई पहिले दोन शब्द वाचतात, वहिनी डोळे मिटून उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरवितात, आणि उरलेली ओवी त्यांच्या तोंडून येते. कधीं यंत्रांतल्याहून निराळी येते. तेव्हां दोन्ही लिहून ठेवा, असें आम्हीं सांगितलें आहे.